पहिल्या पत्रिकेचं कुंकू

पत्रिका छापणाऱ्याला लग्नाचं आमंत्रण सहसा कोणी देत नाही. त्याच्याच छापखान्यातून गेलेल्या गठ्ठ्यातलं एक कार्ड पुन्हा त्याच्याच टेबलावर आणून ठेवायचं लोकांना सुचत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही. मुहूर्त, वार, मंगल कार्यालय, सगळं आम्हाला त्यांच्या सख्ख्या भावांच्या आधी माहीत असतं. अमरावतीत अंबागेटच्या आतल्या गल्लीत मी चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या आणि त्यांतल्या तीन लग्नांत जेवलो. त्यांतल्या एका लग्नाबद्दल लिहायचं पुष्कळ दिवसांपासून मनात होतं. पण लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस आता घरात नाही. त्यामुळे लिहिणं हळू चालतं.

माझी पत्नी कुसुम गेली त्याला यंदाच्या कार्तिकात दोन वर्षं होतील. तिचं माहेर कौंडण्यपूरच्या बाजूचं. पुस्तकं वाचून वाचून मी माझी बोली घालवून बसलो होतो, तिनं तिची शेवटपर्यंत जपली. छापखान्यात प्रूफ वाचायचं काम तिचं. तिची पद्धत अशी, की मूळ कागद माझ्या हातात असायचा आणि छापलेला मजकूर ती मोठ्यानं वाचायची, एकेक नाव सावकाश, हजेरी घेतल्यासारखं. ती म्हणायची, "डोये लबाड असतात. जे पायजे थेच पायतात. कान लबाड नसतात." छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या काळापासून ते कॉम्प्युटर आला तोपर्यंत ही पद्धत आम्ही बदलली नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पत्रिकेत महत्त्वाची नावं वधू-वरांची. तसं नसतं. वधू-वरांच्या नावावरून चाळीस वर्षांत एकही भांडण झालं नाही. भांडणं होतात ती 'आपले विनीत'च्या खालच्या नावांवरून. कोणता काका वर, कोणता खाली, कोणत्या आत्याच्या यजमानांच्या नावामागे पद लागलं आणि कोणाच्या नाही. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे बागायतदार आपलं नाव तिसऱ्या ओळीत आहे म्हणून प्रूफ घेऊन तडक छापखान्यात आले होते. पुतणीचं लग्न होतं. कुसुमनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळी नावं दोन रकान्यांत आडवी मांडायला मला सांगितलं. "घ्या भाऊ, आता कोणी वर नाही, कोणी खाली नाही. सारे बाजूबाजूले." त्यांनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि विचारलं, "हे बराबर हाय. पण मंग उजवीकडं कोन आहे?"

आणि तळाशी ती लहान मुलांची ओळ, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं. तिच्याखाली ज्या चिमुकल्यांची नावं असत त्यांतल्या काहींना मी स्वतः प्रूफ घेऊन जाताना पाहिलं आहे. मिशा होत्या.

आमच्या छापखान्यात एक रिवाज होता. पहिली पत्रिका अंबादेवीला ठेवायची हे तर अमरावतीत सगळेच करतात. पण ती देवीकडे निघण्याआधी आमच्याकडेच तिला हळदकुंकू लागायचं. गठ्ठे तयार झाले की मुलीचे किंवा मुलाचे आईवडील बाकावर शेजारी बसायचे. एकानं पत्रिका कडेनं धरायची, कारण शाई पुरती वाळलेली नसते, आणि दुसऱ्यानं चारी कोपऱ्यांना बोट लावायचं. आधी हळद, मग कुंकू. कुसुमचा पितळी करंडा त्यासाठी खिळे ठेवायच्या जुन्या पेटीच्या, आमच्या भाषेत केसच्या, वरच्या खणात ठेवलेला असायचा. खिळे मोडीत गेले तरी ती लाकडी केस मी ठेवून घेतली होती. लोकांना हा रिवाज आवडायचा. भांडत आलेली जोडपीही त्या दोन मिनिटांत गप्प बसायची, कारण पत्रिका हलली तर कुंकू मजकुरावर पडतं.

तर कुसुम गेली त्याच्या आधीच्या फाल्गुनात सुधाकरराव आणि मंदाताई आले. ते सरकारी खात्यात इंजिनिअर, त्या इथल्याच एका शाळेत शिक्षिका. एकुलती एक मुलगी प्रणाली. सोयरीक मूर्तिजापूरच्या एका शेतकरी घराण्यात जमली होती आणि लग्न वैशाखात मूर्तिजापूरलाच होतं.

इतकं गोड जोडपं मी पाहिलं नव्हतं. नमुन्यांचा अल्बम ते एकमेकांपुढे सरकवत होते. "तुला आवडेल ते घे." "नाही, तुम्ही सांगाल ते." मंदाताईंना ऊन लागलं असेल म्हणून सुधाकररावांनी पंख्याखालची खुर्ची दिली. चहा आला तेव्हा त्यांनी कप मंदाताईंपुढे धरून विचारलं, "साखर घेतेस ना?" त्या हसून म्हणाल्या, "चालेल."

ते गेल्यावर मी कुसुमला म्हणालो, "पाहिलंस? लग्नाला तीस वर्षं होत आली असतील, आणि अजून किती जपतात एकमेकांना."

कुसुम कप उचलत होती. मंदाताईंचा कप तसाच भरलेला होता.

"तीस वर्षं झालेले माणसं असे बोलतात का कधी? आपून बोलतो?" ती म्हणाली. "अन् बायको चहात साखर घेते का नाही हे ज्याले इचारा लागते, तो तिच्या घरात राहत नाही."

"काहीतरीच तुझं."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे वाद संपला असं नसे. तुम्हाला कळेल तेव्हा कळेल, एवढाच त्याचा अर्थ.

आठवड्यानं मंदाताई एकट्या प्रूफ पाहायला आल्या. मी आत कार्डं वाळत घालत होतो आणि मधलं दार उघडं होतं. कुसुमनं त्यांना न विचारता बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तो घेतला, एक घोट प्याल्या आणि कुसुमकडे पाहत राहिल्या.

"बाई, रागावू नका," कुसुम म्हणाली. "तुमी दोघं येका घरात राहत नाही ना?"

"इतकं दिसतं?"

"मले दिसलं. ह्याइले नाही दिसलं. म्हंजे बहुतेक लोकाइले नाही दिसणार."

मी कार्डं मोजण्यात गर्क असल्यासारखं दाखवलं.

मंदाताई हळू आवाजात सांगू लागल्या. सहा वर्षांपूर्वी सुधाकररावांची अकोल्याला बदली झाली. बदली म्हणून गेले. पुढे अमरावतीला परत यायची संधी आली तेव्हा त्यांनीही अर्ज केला नाही आणि मंदाताईंनीही विचारलं नाही. आता दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता. प्रणालीला सगळं माहीत होतं. सासरच्यांना माहीत नव्हतं. तिच्या एका मैत्रिणीचं ठरलेलं लग्न आईवडील वेगळे राहतात एवढ्यावरून मोडलं होतं, त्याचा तिनं धसका घेतला होता.

"पोरीनं आमच्याकडे कधी काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी एवढंच म्हणाली, लग्न होईपर्यंत माझे आईबाबा व्हा. मग काय करणार? रिहर्सल करतो आम्ही फोनवर. व्याह्यांकडे जायचं असलं की कोण काय बोलणार ते आधी ठरवतो. परवा मी चुकून त्यांना 'अहो सर' म्हणाले."

दोघीही हसल्या.

"कधीपर्यंत हाय हे?"

"लग्नानंतर पंधरा दिवसांनी कोर्टाची शेवटची तारीख आहे. भांडण काही उरलं नाही आता. भांडण होतं तेव्हा बरं होतं, घरात आवाज तरी होता."

कुसुम म्हणाली, "चांगलं हाय. सोंग संपवाचा दिवस तरी ठरवून घेतला तुमी. थो नाही ठरवला का मंग माणूस त्याच्यातच राहून जाते."

हे बोलताना ती दारातून माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घातली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच महिन्यात कुसुमच्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी तिला सांगितलं नाही. अशक्तपणा आहे, औषधानं जाईल, असं म्हणालो. ती "हव" म्हणाली. तपासणीचा कागद मी त्या जुन्या केसच्या खालच्या खणात ठेवून दिला, कारण तो खण कोणी उघडत नाही असा माझा समज होता. केस आतून-बाहेरून दर शुक्रवारी कोण पुसतं, ते मला तेव्हा आठवलं नाही.

मंदाताईंचं गुपित मला कळलं ते बरंच झालं, मी आता सांभाळून राहीन, असं मी कुसुमला म्हणालो. आणि घोटाळा मीच केला.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा अपघात म्हणजे गठ्ठ्यांची अदलाबदल. एकदा एका घरचा गठ्ठा दुसऱ्या घरी गेला आणि अर्धी पाकिटं वाटून होईपर्यंत कोणी उघडून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीनं ठळक नाव आणि गाव लिहायचा मी नेम केला होता. मंदाताई आपल्या माहेरकडच्यांना आणि शाळेत पत्रिका देणार होत्या, सुधाकरराव अकोल्याला. पाकिटांवर दोघांचे वेगवेगळे पत्ते छापायला त्यांनी सांगितले होते. मी गठ्ठे बांधले, एकावर लिहिलं 'मंदाताई, अमरावती', दुसऱ्यावर 'सुधाकरराव, अकोला', वर नमुन्याचं एकेक पाकीट खोचलं आणि दोन्ही समोरच्या बाकावर ठेवले.

आणि मुलाचे वडील बाबारावजी आत आले. त्यांच्या बाजूच्या पत्रिकाही आमच्याकडेच होत्या. उंच, उन्हानं काळवंडलेले, पांढरं धोतर, आणि चष्मा लावून दिसेल ते सगळं वाचायची सवय. बसायच्या आधीच त्यांनी गठ्ठे वाचले, मग पाकिटं वाचली.

"भाऊ, एका घरचे दोन पत्ते कावून हो?"

मला खोटं बोलता येत नाही असं मी आजवर अभिमानानं सांगत आलो. त्या दिवशी कळलं, की मला बोलताच येत नाही. एका मुलीचं लग्न माझ्या निळ्या पेन्सिलीनं बाकावर उघडं करून ठेवलं होतं.

कुसुम पाणी घेऊन बाहेर आली. त्या दिवसांत तिला तेवढं चालल्यावरही दम लागायचा.

"साहेबाची नोकरी अकोल्याले, बाईची शाळा इथं," ती म्हणाली. "दोघं दोन गावाइले पत्रिका वाटून राहिले. तुमी नाही का, अर्ध्या खेड्याइले तुमी जासान अन् अर्ध्याइले तुमचा भाऊ?"

यात एक शब्द खोटा नव्हता. बाबारावजींनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "हव. बराबर आहे," ते म्हणाले, पण चष्मा काढला नाही.

तेवढ्यात ती दोघं आली. सुधाकरराव बडनेऱ्याला उतरून रिक्षानं आले होते, मंदाताई शाळेतून स्कूटरवर. दारात भेटून एकदमच आत शिरली. बाबारावजींना पाहताच दोघांच्याही चेहऱ्यावर तो महिन्याभराचा गोडवा आला.

"या येवाई, या," बाबारावजी बाकावरून उठले. "बसा जोडीनं. इथं पहिल्या पत्रिकेले कुंकू लावतात म्हने. आधी तुमची होऊ द्या, मंग आमची. मी पायतो."

बाकावर दोघं शेजारी बसली. कुसुमनं करंडा उघडून मंदाताईंच्या हातात दिला. सुधाकररावांनी पत्रिका कडांना धरली. माणूस इंजिनिअर, नकाशे धरायचा हात, पण पत्रिका थरथरत होती. मंदाताईंचं हळदीचं बोट कोपऱ्याजवळ जाऊन थांबलं. समोर बाबारावजी उभे होते. मला वाटलं, आता कुंकू पत्रिकेवर सांडणार आणि त्याबरोबर सगळंच.

मंदाताईंनी करंडा मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं सुधाकररावांचं मनगट धरलं. घट्ट. पत्रिका स्थिर झाली. मग एकेक करून चारी कोपरे झाले, आधी हळद, मग कुंकू. शेवटचा कोपरा झाला तसा सुधाकररावांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला, आणि त्यांच्याकडे न पाहता मंदाताईंनी बोटं त्याला पुसली. हे त्यांनी फोनवर ठरवलेलं नव्हतं. दोघांच्याही ते नंतर लक्षात आलं असावं, कारण रुमाल खिशात परत जायला जरा वेळ लागला.

बाबारावजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "झालं," ते म्हणाले. "आता आमची द्या. माही बायको इथं नाही आली तं मीच धरतो अन् मीच लावतो. ते म्हनते तशीबी मी एकट्यानंच सारं करतो."

लग्न नीट लागलं. मंदाताईंनी आम्हा दोघांना घरी येऊन आमंत्रण दिलं होतं. कुसुमला प्रवास झेपणार नाही असं मी म्हणालो. ती म्हणाली, "जिथं मी खोटं न बोलता थापा मारल्या, तिथलं जेवण सोडू काय?" कन्यादानाला ती दोघं शेजारी बसली आणि भटजी सांगतील ते सारं त्यांनी केलं. संध्याकाळी आम्ही मंदाताईंबरोबर मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आलो. आमची गाडी बडनेऱ्याकडे, सुधाकररावांची अकोल्याकडे. ते समोरच्या प्लॅटफॉर्मवर एकटे उभे होते. आता पाहायला कोणी नव्हतं, हात हलवायची काही गरज नव्हती. आमची गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. मंदाताईंनीही केला, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेरच्या काळ्या रानाकडे पाहत राहिल्या.

कुसुमनं माझ्या खांद्याला डोकं टेकलं. "त्याइचं संपलं," ती म्हणाली. मी म्हणालो, "थकलीस तू. झोप." बोलायची हीच वेळ होती. ती माझ्यासाठी दार उघडून उभी होती आणि मी ते लोटून घेतलं. पुढे कार्तिकापर्यंत मी अशक्तपणा म्हणत राहिलो आणि ती हव म्हणत राहिली. आम्ही दिवस ठरवला नव्हता.

ती गेल्यावर मी पहिल्या पत्रिकेचा रिवाज बंद केला. कामही कमी झालं होतं. लोक आता मोबाईलवर हलत्या पत्रिका पाठवतात. त्यांत नावांची भांडणं होत नाहीत, कारण शेवटपर्यंत कोणी वाचत नाही.

यंदा श्रावणात एक गाडी दाराशी थांबली. पुढच्या सीटवरून बाबारावजी उतरले, मागून सुधाकरराव आणि मंदाताई. प्रणालीला मुलगा झाला होता. बारशाची पत्रिका हवी होती.

"मोबाईलवर धाडता येते म्हने पोट्टे," बाबारावजी म्हणाले. "पण हातात देल्ल्याबिगर आमंत्रण वाटत नाही मले."

मजकूर सांगताना सुधाकरराव मोकळेपणानं म्हणाले, "आमच्या दोघांची नावं वेगवेगळ्या ओळींत टाका."

"पण सारख्या टायपात," बाबारावजी म्हणाले. "एक मोठं, एक बारीक नोको."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले. "मले त्याच दिवशी समजलं होतं, भाऊ. पाकिटावर दोन पत्ते, अन् येवायाचा हात असा हलून राहिला होता जसा पोरगी पाहाले आला. मी ठरवलं, आपून काही पाहिलं नाही. हे गावात समजलं असतं तं माह्या भावाइनं लग्नात काड्या केल्या असत्या. घरी आल्यावर बायकोले सांगतलं. ते म्हने, तुमाले आता समजलं? मले तं साखरपुड्यातच समजलं."

"आम्ही काय रिहर्सल केल्या," मंदाताई म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

मी चहा सांगायला उठलो. सुधाकरराव म्हणाले, "यांना बिनसाखरेचा." सहज म्हणाले. कप आला, मंदाताईंनी तो पूर्ण प्यायला.

दोन दिवसांनी पत्रिका न्यायला तिघं पुन्हा आली. मजकूर मी रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्यानं वाचून तपासला होता. गठ्ठ्यावर पेन्सिलीनं काही लिहिलं नव्हतं. मंदाताईंनी विचारलं, "कुसुमताईंचा करंडा आहे का? पहिलीला कुंकू लावते."

केसचा वरचा खण मी दोन वर्षांनी उघडला. करंडा तिथे नव्हता. खालचा उघडला. तो तपासणीचा कागद मी ठेवला तसाच घडी घातलेला होता, आणि त्याच्यावर करंडा ठेवलेला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवतात तसा. कागदाच्या कडेला हळदीच्या बोटाचा एक ठसा होता. पत्रिकांना हळद लावायच्या कुठल्याशा दिवशी, बोट पुसायच्या आधी, तिनं तो उघडून वाचला होता. आणि मला सापडेल असा परत ठेवला होता. मी खण उघडायचीच काय ती खोटी होती.

"काय झालं?" मंदाताईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "कुसुमला माहीत होतं."

काय माहीत होतं, ते त्यांनी विचारलं नाही. करंडा माझ्या हातातून घेतला. कुंकवाचा खडा झाला होता, तो त्यांनी नखानं फोडला.

"जोडीनं लावायचा तुमचा रिवाज," त्या म्हणाल्या. "आता आमची जोडी नाही."

"माहीही नाही," मी म्हणालो. किती वर्षांनी बोली तोंडात आली कोणास ठाऊक.

"धरा हो कोणीतरी," बाबारावजी बाकावरून म्हणाले. "लेकरू मोठं होऊन जाईन तोवर."

मी पत्रिका कडांनी धरली. सुधाकररावांनी रुमाल काढून तयार ठेवला. मंदाताईंनी पहिल्या कोपऱ्याला हळद लावली.